दुसऱ्याच्या नावाची बुडी

"आधी नाव घ्यायचं, मग नाक धरायचं. उलटं केलंस तर पुण्य तुझ्याच पदरात पडेल आणि मी इथे राहीन कोरडी. कळलं?"

सासूबाईंचा हा आवाज थोरलीच्या कानातून काही केल्या जात नव्हता. आवाजाचं एक वेळ राहू द्या. तो आपल्यासाठी नव्हता, हेच जात नव्हतं. सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा थोरली त्यांच्या अंथरुणाची चादर बदलत होती. एका हातानं त्यांना कुशीवर वळवून धरलेलं, दुसऱ्या हातानं जुनी चादर ओढलेली. आणि सासूबाई कुशीवर वळल्या वळल्या तिच्या कोपराखालून पलीकडे बघत सांगत होत्या धाकटीला. धाकटी उशाशी खुर्ची घेऊन बसली होती. नुकताच नखांना रंग लावलेला, म्हणून दोन्ही हात हवेत धरून मान डोलवत होती.

"डोकं पूर्ण पाण्याखाली गेलं पाहिजे. शेंडीसुद्धा वर दिसता कामा नये."

"आई, मला शेंडी कुठाय?" धाकटी म्हणाली, आणि सासूबाई खोकला येईपर्यंत हसल्या. पाठ चोळायला अर्थातच थोरली.

"आणि बुडी झाली की लगेच फोन कर," श्वास जागेवर आल्यावर सासूबाई म्हणाल्या. "तोवर मी मीठ सोडलंय. तुझा फोन आला की मगच जिभेला मीठ."

आता हे मीठ सोडण्याचं प्रकरण थोरलीला फार लागलं. आळणी जेवण कोण करून घालणार होतं? तीच. जायच्या दिवसापर्यंत बिनमिठाची डाळ, बिनमिठाचा भात, वेगळं पातेलं, वेगळा चमचा. स्वतःच्या हातानं दुसरीच्या कौतुकाचा स्वयंपाक करायचा म्हणजे काय, ते जिनं केला तिलाच माहीत.

खरं तर थोरली वाईट बाई नव्हती. पहाटे उठून आधी माळ ओढायची, मग चूल. नाव घेतल्याशिवाय चहाचा घोटसुद्धा नाही. हा नेम तिनं नवरा गेला त्या आठवड्यातही मोडला नव्हता. पण माणसानं नेम धरला म्हणून मत्सर त्याला धरत नाही असं थोडंच आहे? उलट नेमाच्या माणसाला तो जरा जास्तच धरतो. त्याला वाटतं, एवढं मी करतो, तर देवानं निदान माझ्याकडे आधी बघावं.

नवऱ्यामागे थोरलीनं एका यात्रा कंपनीत स्वयंपाकाचं काम धरलं होतं. मोठी पर्वणी आली, नदीकाठी मेळा भरला की कंपनीची बस भरून माणसं निघायची, आणि मागच्या बाकावर तांदळाची पोती, गॅसच्या टाक्या आणि थोरली. तिकडे माणसांचा समुद्र, साधूंच्या मिरवणुका, पहाटेचं स्नान; आणि इकडे धर्मशाळेच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये दोन शेगड्या आणि थोरली. जेव्हा सगळे पाण्यात असायचे नेमकी तेव्हाच चुलीची घाई. कुडकुडत परत आलेल्या माणसाला पाप धुतलं गेल्याच्या आनंदापेक्षाही आधी चहा लागतो.

पूर्वी सासूबाई तिलाच सांगायच्या, "माझ्या नावाची एक बुडी मारून ये गं." परत आल्यावर थोरली खरं ते सांगायची: "नाही जमलं, आई." पुढच्या खेपेला पुन्हा सांगायच्या. पुन्हा तेच. शेवटी एकदा सासूबाई म्हणाल्या, "तीर्थाला जाऊन कोरडी परत येणारी तू एकटीच बघितली मी. तुला पाण्यात ढकलायला देवच यायला हवा." त्यानंतर त्यांनी तिला सांगणं सोडलं. थोरलीला वाटलं होतं, विसरल्या. विसरल्या नव्हत्या, दुसरं माणूस शोधत होत्या.

आणि ते माणूस या खेपेला त्याच बसमध्ये, पुढच्या खिडकीशी बसलं होतं.

धाकट्या दिरानं बायकोसाठी जागा आधीच धरून ठेवली होती. आईपाशी तो थांबणार, बायको यात्रेला जाणार. धाकटीच्या मानेखाली फुगवायची उशी होती. बस सुटली तशी तिनं सगळ्यांशी ओळख करून घेतली, आणि पहिल्या थांब्याला चहा द्यायला थोरली पुढे आली तेव्हा मोठ्यांदा म्हणाली, "ह्या माझ्या जाऊबाई बरं का! यांच्या हातचं खाल तर घरचं विसराल."

हे बोलणं चांगलंच होतं. पण मत्सराला गुळातसुद्धा खडा लागतो. थोरलीला वाटलं, माझ्या हातच्या पदार्थांचं कौतुक हिनं का वाटावं?

शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी चहाचा कप घेतला आणि धाकटीच्या गुडघ्यावर थोपटून थोरलीला म्हणाल्या, "भाग्यवान आहात हो! अशी जाऊ मिळायला नशीब लागतं. सासूच्या नावाची बुडी मारायला निघालीय. आमच्या सुना आमच्या नावानं बोटं मोडतात, बुडी कसली!"

"साखर बरोबर आहे ना?" थोरलीनं विचारलं.

"जरा कमी आहे."

"आज सगळ्यांनाच कमी लागतेय," थोरली म्हणाली आणि किटली घेऊन मागे गेली.

मेळ्याच्या गावात पोचल्यावर धर्मशाळेत खोल्या वाटल्या गेल्या. मॅनेजरनं सगळ्यांना अंगणात उभं करून सूचना दिल्या: झेंड्याकडे बघत चालायचं, दोरी सोडायची नाही, हरवलात तर जिथे आहात तिथेच उभं राहायचं. बाहेर कर्ण्यावर हरवलेल्यांची नावं चालूच होती. 'हिरव्या शालीतल्या आजी, आपले यजमान चौकीपाशी आपली वाट बघत रडत आहेत.' "यजमानच रडतायत म्हणजे आजी मुद्दाम हरवल्या असतील," मास्तरीणबाई म्हणाल्या. सगळे हसले. धाकटी मात्र हसली नाही. तिनं दोन्ही मुठींत दोरी धरून पाहिली, जणू आत्ताच कुणी तिला ओढून नेणार होतं. थोरलीच्या ते नजरेत आलं, पण तिनं अर्थ काढला तो एवढाच, की बाईसाहेबांना हात खराब होण्याची काळजी.

पहाटे सगळे गेले. थोरलीनं माळ ओढली, शेगड्या पेटवल्या, दुधाचं पातेलं चढवलं. लांबून नदीकडून गलका येत होता, एकाच वेळी हजारो माणसांनी देवाचं नाव घेतल्यासारखा. थोरलीनं हात जोडले. मनात आलं, आता ती नाव घेत असेल. आता नाक धरलं असेल. आता गेली असेल पाण्याखाली, आणि वर येईल तेव्हा आपली सासू तिची झालेली असेल.

दूध उतू गेलं.

उन्हं वर यायच्या सुमाराला सगळे परतले. कुणाचे दात वाजतायत, कुणाच्या डोळ्यांत पाणी, कुणाची एक चप्पल गेलेली. धाकटीचे केस ओले, कपाळावर गंध. ती कुणाशी काही बोलली नाही. थंडीनं गारठली असेल असं सगळ्यांना वाटलं. जेवणघरात बसून तिनं फोन लावला. दिरानं तिकडे आईच्या तोंडासमोर फोन धरला तेव्हा पडद्यावर आधी फक्त सासूबाईंचं नाक आणि छत दिसत होतं.

"झाली का गं?" त्या ओरडल्या. त्यांना वाटायचं, माणूस जितकं लांब तितकं मोठ्यानं बोलावं.

धाकटीनं एक क्षण इकडेतिकडे पाहिलं. मास्तरीणबाई कौतुकानं पुढे झुकलेल्या. मॅनेजर कप हातात घेऊन थांबलेला. दारात थोरली, हातात किटली.

"झाली, आई."

"डोकं बुडालं?"

"हो."

पलीकडे सासूबाई रडू लागल्या. म्हातारं माणूस रडतं तसं, आवाज न करता, फक्त हनुवटी हलत. "सोनं केलंस माझं," त्या म्हणाल्या. "अरे, मीठ आण रे. पानात मीठ वाढ मला." इकडे कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. मास्तरीणबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. थोरलीनं सगळ्यांच्या कपांत चहा ओतला आणि शेडमध्ये निघून गेली.

ओले कपडे वाळत घालायला शेडच्या मागे दोरी बांधलेली असायची. तीही थोरलीच बांधायची. बायका आपापल्या बादलीत साडी-पोलकं टाकून जायच्या, आणि चुलीवर भात चढला की थोरली ते पिळून दोरीवर टाकायची. कुणी सांगितलेलं नव्हतं. पण पाण्याला जाऊन आलेल्या साडीला हात लागतो, तेवढं तरी तीर्थ अंगाला लागावं, एवढीच तिची समजूत.

धाकटीची साडी तिनं शेवटी उचलली. उचलल्याबरोबर हाताला कळलं. पाण्यात बुडून आलेली साडी जड असते, दोन हातांनी उचलावी लागते. ही अर्धीमुर्धी हलकी. थोरलीनं ती झटकून पसरली. निऱ्या गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. पदराचं टोक ओलं, केस टिपल्यासारखं. मधला सगळा भाग कोरडा ठणठणीत. पोलक्याला पावडरचा वास, जसाच्या तसा.

थोरली तशीच उभी राहिली.

खोटं कशाला सांगू, तिला आनंद झाला. उकळी फुटावी तसा झाला. इतकी वर्षं खरं बोलून तिच्या पदरात काय पडलं होतं? टोमणा. आणि हिनं एका शब्दात खोटं बोलून टाळ्या मिळवल्या, सासूची आसवं मिळवली. आता? आता बोलू का सगळ्यांसमोर? ही साडीच जेवणघरात नेऊन पसरते, मास्तरीणबाईंच्या ताटासमोर. ती स्वतःला सावरायला कमरेची माळ काढून मणी ओढू लागली, पण दर मण्याला देवाच्या नावाऐवजी धाकटीच ओठांवर यायला लागली. तिनं माळ परत खोचली. अशा वेळी देवाला सगळं दिसतं, पण तो चुगली करत नाही, हे किती बरं आहे.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. घरून.

"वहिनी, आईला तुमच्याशी बोलायचंय," दीर म्हणाला.

"थोरले," सासूबाईंचा आवाज आला. तोंडात घास होता. "ऐकलंस ना? धाकटीनं मारली बुडी. पोरीनं करून दाखवलं हो. तुला मेलीला इतक्या वर्षांत जमलं नाही!"

शब्द थोरलीच्या जिभेच्या टोकावर आला. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता.

"काय गं, ऐकू येतंय ना? डाळ इतकी गोड लागतेय मिठानं, काय सांगू. पुरे म्हणेपर्यंत वाढायला लावलीय याला." पलीकडे वाटीवर चमचा घासल्याचा आवाज झाला. ही म्हातारी कित्येक दिवसांत पोटभर जेवली नव्हती. थोरलीनं स्वतः बघितलं होतं. दोन घास घ्यायची आणि तोंड फिरवायची, हाडं वर आली होती तरी. आता हिला सांगावं, तर हातातली वाटी खाली ठेवेल. पुन्हा मीठ सोडेल. हट्टाची तर एवढी, की मेली तरी सोडायची नाही.

"ऐकतेय, आई," थोरली म्हणाली. "सावकाश जेवा. ठसका लागेल."

फोन ठेवला आणि ती तडक धाकटीच्या खोलीत गेली. साडी हातातच होती. खोलीत धाकटी एकटी बसली होती, केस अजून तसेच ओले, न विंचरलेले.

थोरलीनं साडी तिच्या मांडीवर टाकली.

"पावडर कुठली वापरतेस गं? तीर्थाच्या पाण्यानं पण जात नाही!"

धाकटीनं साडीकडे पाहिलं. मग तोंड दोन्ही हातांत लपवलं. "गुडघ्यापर्यंत गेले मी, ताई. खरंच गेले. मागून सगळे ढकलत होते, पायाखाली पायरीच लागेना. लहानपणी विहिरीत पडले होते मी, कुणाला सांगितलं नाही कधी. जीव जातो माझा पाण्यात. खाली वाकून तांब्यानं नुसते केस भिजवले आणि आले."

"मग मागितलीस कशाला बुडी? आईंनी सांगितलं म्हणून एवढं..."

"त्यांनी कुठे सांगितलं? मीच मागून घेतली." धाकटीनं तोंड वर केलं. नाक लाल झालं होतं. "दिवसभर त्यांच्या तोंडात थोरली, थोरली. थोरलीनं पाय चेपले, थोरलीनं औषध दिलं, थोरलीच्या हातचीच पेज पाहिजे. मी औषध दिलं तर विचारतात, थोरलीला विचारलंस का? मला वाटलं, एक तरी काम असं असावं, जे तुम्ही केलेलं नाही. फक्त मी."

 थोरलीनं कधी मनात आणलं नव्हतं, की आपल्यावरही कुणी जळत असेल. ज्या चेपलेल्या पायांचा तिला कंटाळा यायचा, त्याच पायांवर दुसरीचा डोळा होता. क्षणभर तिला, देव क्षमा करो, जरा बरंसुद्धा वाटलं.

"आई जेवल्या," ती शेवटी म्हणाली. "मीठ घातलेली डाळ. खोट्यावर."

"माहीत आहे." धाकटी पुन्हा रडू लागली. "ताई, तुम्ही जा ना. बस जेवणं झाल्यावर सुटणार. अजून वेळ आहे. त्यांच्या नावाची बुडी तुम्ही मारा. म्हणजे त्यांचं खाल्लेलं मीठ तरी खरं होईल."

"आणि नाव तुझं?"

"सांगा त्यांना, तुम्ही मारली म्हणून. मी खोटं बोलले तेही सांगा."

"सांगू म्हणतेस? आणि मग त्या परत आळणी जेवायला बसल्या तर, तू भरवणारेस?" थोरली फटकन म्हणाली. "आणि मी जाऊ म्हणतेस ते कशी? चुलीवर भात आहे. भाजी फोडणीला टाकायचीय. बसभर माणसं जेवायची आहेत."

"मी बघते."

"तू? घरात चौघांचा भात तुझ्या हातून करपतो!"

"तुम्ही कधी शिजवू दिलात?" धाकटी एकदम म्हणाली. "हातात उलथणं घेतलं की तुम्ही मागून येऊन काढून घेता. इथेसुद्धा तेच. मॅनेजर काल मला सांगत होते, दरवर्षी म्हणतो मावशींना, तासभर जाऊन या, मी एखादी बाई उभी करतो चुलीपाशी. तर म्हणतात, माझ्या पातेल्याला दुसऱ्याचा हात नको. खरं की खोटं?"



खरं होतं. मॅनेजर म्हणायचा. आणि दरवर्षी ती नाही म्हणायची, आणि घरी येऊन म्हणायची, नाही जमलं. जमलं असतं. पण परत आल्यावर माणसं भाताला नावाजत असती, आणि भात दुसरीच्या हातचा असता, तर? तेवढं तिला सोसलं नसतं. सासूबाईंना तिनं कधी खोटं सांगितलं नव्हतं. पण खरंही पूर्ण सांगितलं नव्हतं. झाऱ्याला चिकटलेला मत्सर तिला पाण्यापर्यंत जाऊ देत नव्हता, हे तिला त्या कोंदट खोलीत, धाकटीच्या ओल्या केसांकडे बघता बघता कळलं. कळलं म्हणून गेला, असं मात्र झालं नाही.

"चल," ती म्हणाली.

शेडमध्ये भाताला वाफ आली होती. थोरलीनं झारा धाकटीपुढे धरला, पण हातातून सोडेपर्यंत जरा वेळच लागला. "तळापासून हलवायचा. वरवर नाही. भाजीला मीठ मी मोजून ठेवलंय वाटीत, त्यात आणखी घालायचं नाही. कुणी विचारलं तर..."

"तर काय सांगू?"

"सांग, मावशी जरा बाहेर गेल्यात." थोरलीनं कोपऱ्यातल्या पिशवीतून आपली एक जुनी साडी काढली आणि काखेत घेतली. "आईंना मी काही सांगणार नाही. आत्ता नाही, कधीच नाही. त्यांची बुडी मी मारून येते. घरी ती तुझीच राहू दे. शब्द दिला मी तुला."

"ताई..." धाकटी पुढे झाली.

"भात बघ! लागेल खाली."

धाकटी दोन्ही हातांनी झारा फिरवायला लागली. चुकीच्या बाजूनं फिरवत होती. थोरलीनं दात ओठांवर दाबून धरले आणि पाठ फिरवली. पुण्य सासूबाईंचं, कौतुक धाकटीचं, आणि आपल्या वाट्याला ओली साडी तेवढी. अजून बोचत होतं. बोचतच होतं. जेवणघरातून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "आज भाताला वास किती छान सुटलाय!" थोरलीचं पाऊल अडखळलं. मग तिनं पदर डोक्यावर घेतला आणि कुणाला न दिसता शेडच्या मागच्या वाटेनं बाहेर पडली.

रस्त्यावर पर्वणी ओसरली होती. फुलं, पत्रावळी, तुटक्या चपला तुडवत माणसं परत येत होती, सगळी तिच्या उलट दिशेनं. कोपऱ्यावर एक झाडूवाली कचऱ्याचा ढीग लावत होती. थोरली तिच्यापाशी थांबली.

"बाई, घाटावर कुठून जायचं?"

"आता? मुहूर्त तर गेला केव्हाच." झाडूवालीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पहिल्यांदाच आलात का?"

"नाही," थोरली म्हणाली. "दरवर्षी येते."

 झाडूवालीनं झाडू उचलून डावीकडच्या उताराच्या गल्लीकडे दाखवला. थोरलीनं साडी छातीशी धरली आणि येणाऱ्या माणसांना वाट देत देत त्या उताराला लागली.